मॉर्फिनचा धाक, ट्रॅमाडॉलचा भरवसा

गेल्या पावसाळ्यात माझ्या औषधाच्या दुकानात एक काकू आल्या. यजमानांना जबड्याचा कॅन्सर, आयुष्यभर तंबाखूची सवय. मोठ्या रुग्णालयातून मॉर्फिनच्या गोळ्या मिळाल्या होत्या, त्या चार दिवस पिशवीत तशाच पडून. काकूंनी पाकीट काउंटरवर ठेवलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "दादा, हे मॉर्फिन आहे म्हणे. हे शेवटचं असतं ना? त्यापेक्षा माझ्या गुडघ्याच्या गोळ्यांतलीच एखादी यांना दिली तर?"

गुडघ्याच्या गोळ्या म्हणजे ट्रॅमाडॉल. ५० मिलिग्रॅमची एक, दिवसातून तीन वेळा. डॉक्टरांनी दहा दिवसांसाठी लिहून दिल्या होत्या, चालू होत्या दीड वर्ष. जुनीच चिठ्ठी दाखवून कुठून कुठून मिळत गेल्या. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला एकदा-दोनदा माझ्याकडूनही गेल्या असतील. शिवाय रात्री झोपेची अर्धी गोळी, अल्प्राझोलाम. यजमानांच्या मॉर्फिनला त्या घाबरत होत्या, पण त्या घरात जास्त जोखमीचं औषध कोण घेत होतं, तर त्या स्वतः.

मी त्यांना जे सांगितलं ते पाच मिनिटांत उरकलं, कारण मागे रांग होती. उरलेलं इथे लिहितो.

एकाच कुळातली भावंडं

ट्रॅमाडॉल, कोडीन, टॅपेंटाडॉल, मॉर्फिन, ऑक्सिकोडोन, फेंटानिल, बुप्रेनॉर्फिन, मेथाडोन ही सगळी ओपिऑइड गटातली औषधं. गटाला नाव मिळालं अफूवरून. खसखशीच्या बोंडाला चीर दिली की जो चीक येतो तो वाळवून अफू होते. १८०५च्या सुमारास जर्मनीत सेर्ट्युर्नर नावाच्या तरुण औषधविक्रेत्याने त्या चिकातून झोप आणणारा पदार्थ वेगळा काढला आणि ग्रीकांच्या स्वप्नदेवतेवरून त्याचं नाव ठेवलं. तेच मॉर्फिन. कोडीनही त्याच चिकात असतं. ऑक्सिकोडोन चिकातल्याच द्रव्यांत फेरफार करून बनतं. फेंटानिल, ट्रॅमाडॉल आणि मेथाडोन पूर्णपणे प्रयोगशाळेतली, त्यांना खसखशीच्या शेताची गरजच नाही.

अफू आपल्याला परकी नाही. मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या बाया तान्ह्या बाळाला अफूची बाळागोळी चाटवून जायच्या, म्हणजे पाळी सुटेपर्यंत ते झोपून राहावं. त्यातली किती बाळं उठलीच नाहीत त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. आणि ज्या जे. जे. रुग्णालयात पिढ्यानपिढ्या गरिबांच्या वेदनेवर उपचार होत आले, ते उभं करायला देणगी देणाऱ्या जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीतला मोठा वाटा माळव्याची अफू चीनला धाडण्याच्या व्यापारातून आला होता.

ही औषधं करतात काय? आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या दुखऱ्या जागी जाऊन सूज आणणारी रसायनं कमी करतात. ओपिऑइड तिथे जवळपास काहीच करत नाही. मेंदूत आणि मज्जारज्जूत पेशींवर काही ठरावीक खाचा असतात, त्यांत ते जाऊन बसतं आणि वेदनेचा निरोप वर पोचताना अडवतं. गुडघा तसाच झिजलेला राहतो, त्याची तक्रार तेवढी ऐकू येत नाही. जो निरोप पोचतो त्यातलीही धग गेलेली असते. रुग्ण सांगतात, "दुखतंय, पण त्याचं काही वाटत नाही."

अडचण अशी की त्याच खाचा आतड्यातही असतात, म्हणून बद्धकोष्ठ होतं. मेंदूत सुख वाटण्याच्या यंत्रणेतही असतात, तिथून चटक लागते. आणि मेंदूच्या अगदी तळाशी, श्वास चालवणाऱ्या भागातही असतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की हा भाग "श्वास घे" असा हुकूम सोडतो, म्हणून झोपेतही आपला श्वास आपल्याला आठवावा लागत नाही. ओपिऑइड जास्त झालं की हा भागच पेंगतो. माणूस गाढ झोपल्यासारखा दिसतो, घोरतोही, श्वास मिनिटाला आठ, सहा, चार असा विरळ होत जातो. या औषधांनी मरण येतं ते बहुतेक वेळा असं, आवाज न करता.

मॉर्फिनला रुपया धरा

वेगवेगळ्या ओपिऑइडची तुलना करायला डॉक्टर मॉर्फिन हे माप वापरतात. तोंडाने घेतलेलं एक मिलिग्रॅम मॉर्फिन म्हणजे एक रुपया. या हिशेबात कोडीनचं एक मिलिग्रॅम पंधरा पैसे, ट्रॅमाडॉलचं वीस पैसे, टॅपेंटाडॉलचं चाळीस पैसे. हायड्रोकोडोन रुपयाला रुपया, ऑक्सिकोडोन दीड रुपया. मेथाडोन जवळपास पावणेपाच रुपये. हा भाव अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, २०२२च्या मार्गदर्शिकेत दिला. त्याआधीच्या, २०१६च्या तक्त्यात ट्रॅमाडॉल दहाच पैशांना होतं. सहा वर्षांत भाव दुप्पट! तेवढ्यावरूनही हे हिशेब किती अंदाजाचे आहेत ते लक्षात यावं.

आता काकूंचा हिशेब करू. दिवसाला १५० मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल, गुणिले वीस पैसे, झाले ३० रुपये, म्हणजे ३० मिलिग्रॅम मॉर्फिन. यजमानांना लिहून दिलेलं मॉर्फिन दर चार तासांनी ५ मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला तीसच. ज्या औषधाचं नाव काढायला त्या कचरत होत्या, तेवढ्याच ताकदीचं औषध त्या दीड वर्ष चहाबरोबर घेत होत्या.

सीडीसीच्या त्याच मार्गदर्शिकेत, दिवसाचा हिशेब पन्नास रुपयांवर गेला की डॉक्टरांनी दोनदा विचार करावा असं सुचवलंय, कारण तिथून पुढे धोका फायद्यापेक्षा वेगाने चढतो.

हा भाव तुलनेपुरताच आहे. घरी बसून एक औषध बंद करून दुसरं तेवढ्याच रुपयांचं सुरू करायचं, हे कधीही करू नये. शरीराला एका ओपिऑइडची सवय झाली म्हणजे दुसऱ्याचीही तेवढीच झाली असं नसतं. म्हणून औषध बदलताना डॉक्टर हिशेबाने येणाऱ्या डोसमधूनही चांगलाच भाग कापतात.

साधी वाटणारी दोन औषधं

ट्रॅमाडॉल आणि कोडीनला पाठ्यपुस्तकात 'सौम्य ओपिऑइड' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६मध्ये कॅन्सरच्या वेदनेसाठी जी तीन पायऱ्यांची शिडी सुचवली, तिच्या मधल्या पायरीवर कोडीन होतं, पुढे तिथे ट्रॅमाडॉलही जाऊन बसलं. सौम्य शब्दाने सगळा घोटाळा केला. माझ्या मते या दोघांना 'बेभरवशाची' म्हटलं असतं तर जास्त खरं झालं असतं.

कोडीन स्वतः फारसं काही करत नाही. यकृतातलं सीवायपी-२डी-६ नावाचं एन्झाइम त्यातल्या साधारण दहाव्या हिश्शाचं मॉर्फिन करतं, आणि जे काम होतं ते त्या मॉर्फिनमुळे. हे एन्झाइम कोणात किती चालतं हे जन्मतः ठरलेलं असतं. काही माणसांत ते जवळपास बंदच असतं, त्यांना कोडीन घेऊनही फरक पडत नाही. काहींत ते इतकं धडाक्यात चालतं की नेहमीचाच डोस घेऊन रक्तात मॉर्फिनचा लोंढा येतो. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर कोडीन दिलेली अशी मुलं झोपेतच गेल्याच्या घटना परदेशात घडल्या. म्हणून अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०१७मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना कोडीन आणि ट्रॅमाडॉल दोन्ही देऊच नये असं बजावलं, आणि स्तनपान करणाऱ्या आयांनाही घेऊ नका म्हटलं, कारण आईच्या रक्तातलं दुधात उतरतं. आपल्याकडे कोडीन वेदनेपेक्षा खोकल्याच्या औषधातून जास्त पोटात जातं. मोठ्यांची बाटली लहानग्याला 'अर्धा चमचा' देणारी घरं मी पाहिली आहेत.

ट्रॅमाडॉलची तऱ्हा आणखी निराळी. १९७७मध्ये जर्मनीत ते बाजारात आलं. तेही याच एन्झाइमवर अवलंबून, पण त्याचा दुसरा चेहरा नैराश्यावरच्या औषधांसारखा आहे. मेंदूतली सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनालिन ही रसायनं ते वाढवतं. वेदना कमी करायला याचा उपयोगच होतो. मात्र त्यामुळे एकाच गोळीत दोन औषधांचे धोके येऊन बसतात. एक, फिट येऊ शकते. दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या वर गेलं की हा धोका वाढतो, आणि आधी कधी फिट आलेली असेल तर नेहमीच्या डोसलाही. दोन, नैराश्यावरच्या काही गोळ्यांबरोबर घेतलं तर सेरोटोनिन अंगावर येतं: थरथर, घाम, ताप, छातीत धडधड, गोंधळलेपण. फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन चालू असेल तर परिस्थिती चमत्कारिकच होते, कारण या गोळ्या तेच एन्झाइम अडवतात. वेदना कमी होत नाही आणि सेरोटोनिन तेवढं वाढतं. मग रुग्ण आणखी एक गोळी घेतो. तिसरा धोका फार कमी जणांना माहीत असतो, तो म्हणजे रक्तातली साखर अचानक खाली जाण्याचा. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी हे डॉक्टरांना विचारून ठेवावं.

ट्रॅमाडॉल सोडणंही म्हणून अवघड जातं. अफूच्या जातीची औषधं अचानक थांबवली की नाक गळतं, अंगावर काटा येतो, जुलाब होतात, पाय स्वस्थ राहत नाहीत. ट्रॅमाडॉलमध्ये याच्या जोडीला नैराश्यावरची गोळी अचानक सोडल्यासारखी घबराट आणि डोक्यात झिणझिण्या येऊ शकतात. काकूंनी मध्ये एकदा गोळ्या संपल्या म्हणून दोन दिवस खाडा केला होता. "सर्दी झाली, जीव घाबरा झाला, आणि गोळी घेतल्यावर बरं वाटलं, म्हणजे गोळी लागू पडते ना?" असं त्यांनी विचारलं. त्या गोळीने गुडघ्याचं काही केलं नव्हतं, आदल्या गोळीची उधारी फेडली होती.

भारतात एप्रिल २०१८मध्ये ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली, म्हणजे एनडीपीएसखाली आणलं गेलं. आता ते विकताना आम्हाला चिठ्ठी पाहावी लागते, नोंद ठेवावी लागते. गिऱ्हाईक कुरकुरतं. शेजारणीला चालते ती गोळी मला का नाही, हा वाद मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. आणखी एक कामाची गोष्ट: दुबईला किंवा इजिप्तला जाताना पाकिटात ट्रॅमाडॉल किंवा कोडीनच्या गोळ्या असतील तर जपून. संयुक्त अरब अमिरातीत त्यासाठी आधी परवानगी काढावी लागते. आपल्या घरातली गुडघ्याची गोळी तिथल्या विमानतळावर अमली पदार्थ ठरते.

टॅपेंटाडॉल हा ट्रॅमाडॉलचा धाकटा भाऊ. त्याला यकृताच्या त्या एन्झाइमची वाट पाहावी लागत नाही, सेरोटोनिनची भानगडही कमी, म्हणून भरवसा थोडा जास्त. पण ताकद दुप्पट आणि चटक तितकीच लागू शकते. टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारं औषध एकत्र केलेल्या गोळ्या भारतातून पश्चिम आफ्रिकेत जात होत्या आणि तिथले तरुण त्या नशेसाठी वापरत होते. माल बनवणारी कंपनी मुंबईची निघाली. बातमी फुटल्यावर फेब्रुवारी २०२५मध्ये केंद्र सरकारने त्या मिश्रणाचं उत्पादन आणि निर्यात थांबवली.

ज्याला घाबरतात ते

मॉर्फिनबद्दल मला सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याच्याबद्दल आहेत. दोनशे वर्षं वापरात असलेलं, सगळे गुणदोष उघड असलेलं औषध आहे ते. यकृताच्या त्या लहरी एन्झाइमची त्याला गरज नाही. काम तासाभरात सुरू होतं, चार तासांत ओसरतं. म्हणूनच साधी गोळी दर चार तासांनी द्यायची असते, वेदना उठायची वाट न पाहता. 'दुखलं तर दे' असं केलं की रुग्ण दिवसभर वेदनेच्या मागे धावतो आणि शेवटी एकदम जास्त घेतो. डोस दुखण्याप्रमाणे हळूहळू वाढवता येतो. ट्रॅमाडॉलला जसं छत आहे, की इतक्याच्या वर गेलं तर फिट, तसं ठरावीक छत मॉर्फिनला नाही.

दोष आहेतच. मळमळ पहिले काही दिवस, मग बहुधा जाते. गुंगी पहिला आठवडा. बद्धकोष्ठ मात्र जात नाही. शरीराला बाकी सगळ्याची सवय होते, आतड्याला होत नाही. म्हणून मॉर्फिनच्या चिठ्ठीवर पोट साफ करणारं औषध नसेल तर ते विचारून घ्यावं. इसबगोलाने इथे भागत नाही, उलट कमी पाणी पिणाऱ्या रुग्णाचं पोट आणखी घट्ट होऊ शकतं. मूत्रपिंडं थकलेल्या माणसाला मॉर्फिन जपून द्यावं लागतं, कारण यकृताने मोडलेल्या मॉर्फिनचे तुकडे लघवीवाटे जातात. ती वाट तुंबली की ते साठतात आणि कालचाच डोस आज जास्त होतो. अशा वेळी डॉक्टर फेंटानिल किंवा बुप्रेनॉर्फिनकडे वळतात.

"मॉर्फिन दिलं की माणूस लवकर जातो" हे सगळ्या घरांत ऐकू येतं. ते दिलं जातं आजार पुढे गेल्यावर, म्हणून नातेवाइकांना दोन्हींचा संबंध जोडावासा वाटतो. मोजून दिलेल्या आणि हळूहळू वाढवलेल्या मॉर्फिनने आयुष्य कमी होत नाही. रात्रभर कण्हणारा माणूस झोपतो, सकाळी दोन घास खातो, कोणाशी चार शब्द बोलतो.

फेंटानिल मॉर्फिनच्या पन्नास ते शंभरपट तीव्र. बेल्जियमच्या पॉल यान्सेन यांनी ते १९५९-६०च्या सुमारास तयार केलं. भूलतज्ज्ञ ते शस्त्रक्रियेत रोज वापरतात. बाहेर ते पॅचच्या रूपात येतं, कातडीवर चिकटवायचं, तीन दिवस ठेवायचं. दिसायला साध्या मलमपट्टीइतकं निरुपद्रवी. 'तासाला २५ मायक्रोग्रॅम' लिहिलेली एक पट्टी म्हणजे दिवसाला सुमारे ६० मिलिग्रॅम मॉर्फिन, वरच्या रुपयांत साठ रुपये. ज्याने कधी ओपिऑइड घेतलेलं नाही त्याला कंबरदुखीसाठी ही पट्टी लावणं जिवावर बेतू शकतं. पट्टीचा परिणाम चढायला बारा ते चोवीस तास लागतात, आणि काढल्यावरही कातडीत साठलेलं औषध कित्येक तास झिरपत राहतं. अंगात ताप असेल, पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवली, तर औषध भराभर आत जातं. वापरलेल्या पट्टीतही बरंच शिल्लक असतं. चिकट बाजू आत घेऊन दुमडायची आणि लहान मुलाच्या हाती लागणार नाही अशी टाकायची. पलंगाखाली पडलेली पट्टी रांगणाऱ्या बाळाच्या अंगाला चिकटली तर काय होईल, ते सांगायला नको.

बुप्रेनॉर्फिन या घराण्यातलं जरा शहाणं. ते त्या खाचांत घट्ट बसतं पण दार अर्धंच उघडतं. त्यामुळे डोस वाढवला तरी श्वास दाबण्याचं काम एका मर्यादेनंतर पुढे जात नाही. सात दिवसांची पट्टी मिळते, म्हातारपणी आणि मूत्रपिंडाच्या आजारात सोयीची. जिभेखालच्या गोळीच्या रूपात हेच औषध व्यसनमुक्तीसाठीही वापरतात. मेथाडोनही तसंच दुहेरी, पण ते शरीरात कोणात आठ तास तर कोणात दोन दिवस रेंगाळतं आणि हृदयाची लय बिघडवू शकतं. ज्याने हात बसवलाय त्या डॉक्टरानेच ते लिहावं.

बाकीच्यांचं थोडक्यात. पेथिडिन पुन्हा पुन्हा दिलं तर त्याचं मोडीव द्रव्य साठून फिट आणतं. डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफिन एकेकाळी आमच्या दुकानात पॅरासिटामॉलबरोबर पत्रेच्या पत्रे खपायचं. हृदयाच्या लयीवरचा परिणाम लक्षात आल्यावर भारताने २०१३मध्ये ते बंद केलं. त्यालाही तेव्हा सगळे सौम्यच म्हणायचे.

अमेरिकेत काय झालं

ओपिऑइड म्हटलं की अमेरिकेचं नाव येतं. १९८०मध्ये एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं पत्र छापून आलं. रुग्णालयात दाखल असताना ही औषधं दिलेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या, त्यांत व्यसन लागलेले फक्त चार सापडले, एवढाच त्याचा आशय. ते रुग्ण दाखल होते, डोस नर्सच्या हातात होता. पण पुढे शेकडो लेखांत हेच पत्र 'ओपिऑइडने व्यसन लागत नाही' याचा पुरावा म्हणून फिरलं. १९९६मध्ये पर्ड्यू फार्माने ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणलं. ऑक्सिकोडोनच, पण बारा तास हळूहळू सुटणारं. हळू सुटतं म्हणून त्याची चटक कमी लागेल असं समजलं जातं, असं वाक्य त्याच्या माहितीपत्रकात अधिकृत मान्यतेने छापलं होतं. लोकांनी गोळी चुरडली. चुरडली की बारा तासांचं औषध एका क्षणात. कंपनीने २००७मध्ये न्यायालयात दिशाभूल केल्याची कबुली दिली, २०२०मध्ये पुन्हा गुन्हा कबूल केला. तोवर लोक गोळीवरून हेरॉइनवर गेले होते आणि हेरॉइनवरून बेकायदा फेंटानिलवर. २०२१पासून सलग तीन वर्षं तिथे दरवर्षी एक लाखाहून जास्त माणसं अमली पदार्थांच्या अतिसेवनाने गेली, त्यांतल्या साधारण तीन-चतुर्थांश मृत्यूंत ओपिऑइड होतं.

हे वाचून आपल्याकडचे लोक डॉक्टरांच्या पट्टीला घाबरतात, पण तिथे अलीकडे जी माणसं मेली ती मुख्यतः रस्त्यावरच्या, कोणी मोजमाप न केलेल्या फेंटानिलने. मात्र सुरुवात झाली होती ती चिठ्ठीपासून, हेही खरं. तिकडे मुलाकडे राहायला गेलेल्या आई-वडिलांना दाताच्या शस्त्रक्रियेनंतर हायड्रोकोडोन लिहून दिलं, तर "आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉलवर भागेल का?" असं जरूर विचारावं. २०१७मध्ये अमेरिकेत ४१६ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत हातापायाच्या ताज्या दुखापतीवर या दोन साध्या गोळ्यांची जोडी आणि ओपिऑइडची मिश्रणं यांत दोन तासांनंतर फरक दिसला नाही.

जुनाट दुखण्याचा निकाल तर आणखी स्पष्ट आहे. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाठ, गुडघा किंवा खुब्याच्या जुन्या दुखण्याचे २४० माजी सैनिक वर्षभर पाहिले. निम्म्यांना ओपिऑइड, निम्म्यांना इतर औषधं. वर्षाअखेरीस ओपिऑइडवाल्यांचं चालणं-फिरणं दुसऱ्या गटापेक्षा काही सरस नव्हतं, वेदना तर किंचित जास्तच होती. मला हा निष्कर्ष वाचून धक्का बसला नाही. शरीर सवय करून घेतं, तोच डोस अपुरा पडतो, आणि काहींत तर दीर्घकाळच्या ओपिऑइडने मज्जासंस्था वेदनेला उलट हळवी होते.

इथे तीन शब्द वेगळे ठेवायला हवेत. डोस अपुरा पडू लागणं म्हणजे सवय. औषध थांबवल्यावर त्रास होणं म्हणजे शरीराचं अवलंबित्व. ही दोन्ही काही आठवडे घेणाऱ्या कोणालाही होतील, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. नुकसान दिसत असूनही औषधामागे धावणं, त्यासाठी खोटं बोलणं, डोस आपल्या हातात न राहणं, हे व्यसन. कॅन्सरच्या रुग्णाला पहिली दोन झाली म्हणून त्याला व्यसनी म्हणणं हा अन्याय आहे. आणि आपल्याला तिसरं झालंय हे कळूनही 'गुडघेदुखी' म्हणत राहणं ही स्वतःशी लबाडी. २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत भारतात सुमारे दोन टक्के लोक ओपिऑइड घेत असल्याचं आढळलं. त्यांत हेरॉइनच्या खालोखाल औषधी गोळ्या-इंजेक्शनांचा क्रमांक होता, अफूचा त्याच्याही मागे.

कशाबरोबर घेऊ नये

काकूंच्या बाबतीत मला खरी काळजी वाटली ती त्या झोपेच्या अर्ध्या गोळीची. अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम ही औषधंही मेंदूला पेंग आणतात. ओपिऑइड आणि ही गोळी एकत्र, किंवा ओपिऑइड आणि दारू एकत्र, हे श्वास थांबण्याचं नेहमीचं कारण. प्रत्येक औषध आपापल्या मर्यादेत असतं, बेरीज मात्र मर्यादेबाहेर जाते. रात्री जोरजोरात घोरणाऱ्या, मध्येच श्वास अडकणाऱ्या माणसाला हा धोका जास्त. साठी-सत्तरी पार केलेल्याला पडण्याचाही. खुबा मोडला की गुडघ्याचं दुखणं कोणाला आठवत नाही.

घरात कोणी ओपिऑइड घेत असेल तर खूण लक्षात ठेवावी: हाका मारून, खांदा हलवून जाग येत नाही, श्वास विरळ, ओठ निळसर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. "दमलाय, झोपू दे" म्हणायची ही वेळ नव्हे. १०८ला फोन करायचा, कुशीवर वळवायचं, श्वास थांबलाच तर तोंडाने द्यायचा. नॅलोक्सोन नावाचं उताऱ्याचं औषध त्या खाचांतून ओपिऑइडला ढकलून बाहेर काढतं, माणूस दोन-तीन मिनिटांत डोळे उघडतो. अमेरिकेत त्याचा नाकात मारायचा फवारा २०२३पासून चिठ्ठीशिवाय मिळतो. आपल्याकडे ते बहुतांशी रुग्णालयात, इंजेक्शन म्हणून. त्याचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, ओपिऑइड मात्र अंगात असतंच, म्हणून शुद्धीवर आलेल्या माणसाला लगेच घरी नेऊ नये.

जिथे हवं तिथे नाही

मंदसौर, नीमच, चित्तोडगड, बाराबंकी या भागांत सरकारी परवान्याने अफू पिकते, जगाला औषधी अफू पुरवणाऱ्या मोजक्या देशांत आपण आहोत. आणि १९८५चा एनडीपीएस कायदा आल्यावर याच देशात मॉर्फिनचा वैद्यकीय वापर बारा वर्षांत नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. कागदपत्रात चूक झाली तर दहा वर्षांची कैद, मग कोणता डॉक्टर, कोणता दुकानदार ते ठेवील? केरळातल्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा २०१४मध्ये कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन या सहा औषधांसाठी मान्यताप्राप्त रुग्णालयांना पाच-पाच परवान्यांऐवजी एकच मान्यता पुरेशी झाली. तरीही लॅन्सेट नियतकालिकाच्या आयोगाने २०१७मध्ये मांडलेल्या हिशेबात भारतात गरजेच्या फक्त चार टक्के ओपिऑइड पोचत होतं. अमेरिकेत गरजेच्या तीसपट.

महाराष्ट्र-गोव्यात टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र, मुंबईतलं १९८६पासूनचं शांती आवेदना सदन आणि त्याची गोव्यातली शाखा अशा ठिकाणी मॉर्फिन मिळतं. माझ्यासारख्या तालुक्याच्या दुकानात मिळत नाही. तीन रुपयांच्या गोळीसाठी माणूस आजारी नातेवाइकाला घेऊन दोनशे किलोमीटर एसटीने जातो, आणि तिकडे ट्रॅमाडॉलची पाकिटं गल्लीबोळात फिरतात.

काकूंना मी म्हटलं, तुमची गोळी त्यांना अजिबात देऊ नका, त्यांच्या मॉर्फिनवर ती चढवली तर दोन्हींचा भार एकदम येईल. तुमचीही एका दिवसात बंद करू नका. डॉक्टरांना दीड वर्षाचा हिशेब खरा सांगा आणि झोपेच्या गोळीचं नाव आधी सांगा. डोस कसा आठवड्या-आठवड्याने उतरवायचा ते ते ठरवतील. मॉर्फिनची चिठ्ठी उघडून पाहिली. दहा मिलिग्रॅमची अर्धी गोळी, सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहाला एक पूर्ण. खाली जुलाबाचं औषध.

"रात्री दोनला उठवायचं नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही, म्हणूनच दहाला पूर्ण लिहिलीय. म्हणजे दोघांचीही झोप होईल."

त्यांनी पाकिटावर वेळा मराठीत लिहून मागितल्या. मी जाड पेनाने लिहून दिल्या.